शेपटी आडवी की उभी

आम्ही अकरा जण डॉल्फिन पाहायला गेलो आणि त्यातल्या दहा जणांना ते दिसले. ज्या एका माणसासाठी हा सगळा घाट घातला होता, ते माणूस अकरावं. म्हणजे माझी बायको, मालिनी. तिला डॉल्फिन दिसले नाहीत याचं कारण वारा नव्हे, समुद्र नव्हे, होडीवालाही नव्हे. कारण मी. एवढं वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली आहेत, तेव्हा ते खोडायची बुद्धी व्हायच्या आत पुढे जातो.

चौऱ्याऐंशी सालचा नोव्हेंबर. मी, परशुराम नेवरेकर, तेव्हा रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. कचेरी कोणती ते सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. मालिनी मिरकरवाड्याजवळच्या प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायची. एका संध्याकाळी ती शाळेतून आली ती चपला न काढताच पडवीत बसली आणि म्हणाली, "अहो, डॉल्फिनची शेपटी आडवी असते की उभी?"

मी पेपर वाचत होतो. हेडक्लार्कला 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते. तो म्हणतो, पाहावं लागेल. मीही तेच म्हणालो.

"तेच म्हणतेय मी," मालिनी म्हणाली. "पाहावं लागेल."

झालं होतं असं. 'डॉल्फिन हा मासा नव्हे, तो पिलांना दूध पाजतो' हा धडा ती बारा वर्षं शिकवत होती आणि बारा वर्षं फळ्यावर डॉल्फिनचं चित्र काढत होती. चित्र ती शाळेतल्या एका जुन्या तक्त्यावरून शिकली होती. तो तक्ता वाळवीने नेमका शेपटीच्या बाजूने खाल्लेला. तेव्हा शेपटी तिने आपल्या मनाने, बांगड्या-सुरमईची असते तशी, उभी काढायला सुरुवात केली. बारा वर्षांत कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी जनी नावाची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, गादा असा नसतो. माशाची शेपटी उभी, गाद्याची आडवी असते."

आमच्याकडे कोळी लोक डॉल्फिनला गादा म्हणतात. आणि ही जनी म्हणजे दादू तांडेलाची पोरगी. तिचा बाप रोज होडी घेऊन समुद्रावर जाणारा. वर्ग हसला. मालिनीने तिला 'बस खाली' म्हटलं आणि दिवसभर ते 'बस खाली' तिला टोचत राहिलं.

"जनी खोटं बोलत नसणार," ती मला म्हणाली. "पण तिने सांगितलं म्हणून मी खोडायचं, तर उरलेला धडा तरी मी कुणाच्या जिवावर शिकवते? समुद्रापासून मैलभरावर राहतो आपण. मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचाय. होडीत बसायचं, बघायचं, परत यायचं. बास."

होडीत बसायचं, बघायचं, परत यायचं. एवढंच. त्याच रविवारी तिला धक्क्यावर नेऊन दादूच्या होडीत बसवलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी आज वेगळा माणूस असतो. पण नवऱ्याला बायकोने बारा वर्षांत एकदा काही मागितलं, तर ते नुसतं द्यायचं? ते नीट, व्यवस्थित, आखणी करून द्यायला नको?

आखणीसाठी मी शेजारच्या श्रीपतरावांकडे गेलो, ही पहिली चूक.

श्रीपतराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी जगातल्या सगळ्या हालचाली वेळापत्रकानेच होतात असा त्यांचा विश्वास होता. समुद्रात ते गुडघ्याच्या वर कधी गेलेले नव्हते. त्यांनी डोळे मिटले, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "डॉल्फिन सव्वानऊला येतात."

"रोज?"

"फार तर नऊ पंचवीस. पण नुसतं होडीत बसून काय बघणार, परशुरामपंत? माणसाने कसं, एक दिवस काढावा. पोफळीच्या बेटावर उतरू. डबे खाऊ. सुट्टी कशी सुट्टीसारखी झाली पाहिजे."

"मग मी घावणे करते," आतून हेमावहिनी म्हणाल्या. हेमावहिनी म्हणजे श्रीपतरावांच्या पत्नी. त्यांनी 'मग' म्हटलं की बेत पक्का समजायचा. त्यांचा भाचा दापोलीच्या कृषी विद्यापीठात होता. तो, त्याची बायको आणि सासू-सासरे असे चौघे नेमके यायचे होते, तेही धरले गेले. माझ्या हाताखाली लवू नावाचा कारकून होता. त्याच्याकडे कॅमेरा होता म्हणून त्याला धरला, तर कॅमेऱ्याबरोबर त्याची बायको आणि मेव्हणी आली. असे दोघांचे अकरा झाले.

पोफळीचं बेट म्हणजे किनाऱ्यापासून थोडं आत, समुद्रात वर आलेला एक काळा कातळ. त्यावर पोफळ सोडाच, गवताची काडीही नाही. नाव कुणी आणि का दिलं ते देव जाणे. पण त्या नावाने माझे तीन महिने खाल्ले.

कारण मी परवानगी काढायला गेलो.

"तिथे कोळी रोज उतरतात," मालिनी म्हणाली. "ते कुठे परवानगी काढतात?"

"कोळी सरकारी नोकर नाहीत," मी म्हणालो.

बंदराच्या कचेरीत सांगितलं, पाण्यातलं आमचं, पाण्याच्या वरचं आमचं नाही. जंगलखात्याच्या माणसाने विचारलं, बेटावर झाड आहे का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग नाव पोफळी कसं? मी म्हटलं, ते ठाऊक नाही. त्याने नाव पाहून अर्ज फळबागवाल्यांकडे पाठवला. फळबागवाल्यांनी पोफळींची संख्या आणि वय विचारलं. शून्य पोफळींचं वय काय लिहावं यावर मी कचेरीत दोन दुपारी घालवल्या. महसूलवाल्यांनी सातबारा मागितला. बेटाला सर्व्हे नंबरच नव्हता. यात त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. मीच प्रत्येक ठिकाणी अर्ज इतका मुद्देसूद लिहीत होतो की वाचणाऱ्याला आपणही काहीतरी मुद्दा काढलाच पाहिजे असं वाटायचं.

मालिनी सुरुवातीला रोज विचारायची, "आज काही झालं?" मग आठवड्याने विचारायला लागली. मग विचारायचं थांबली. मला वाटलं, तिला माझ्यावर विश्वास आहे.

फेब्रुवारीत कागद आला. 'सदर खडकावर सकाळी दहा ते बारा या वेळात उतरण्यास या कार्यालयाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.' मी तो कागद मालिनीला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान. आणि गादे?"

आता राहिली सुरक्षितता. श्रीपतरावांनी डेपोतल्या ओळखीने एसटीच्या चाकाच्या दोन जुन्या ट्यूब मिळवल्या. "बुडायची वेळ आली तर माणशी एक नाही, पण साडेपाच माणसांना एक पडेल," असा त्यांनी हिशेब सांगितला. हवा भरलेल्या त्या ट्यूब रिक्षात बसेनात. मग एक श्रीपतरावांनी खांद्यावर घेतली आणि दुसरी मी, हात मोकळे राहावेत म्हणून, कमरेभोवती अडकवली. भल्या सकाळी आम्ही असे मिरकरवाड्याच्या धक्क्यावर पोचलो.

तिथे माशांचा लिलाव चालू होता. टोपल्या, बर्फ, ओरडा, पायाखाली पाणी. त्या गर्दीत मी कमरेला एसटीची ट्यूब घालून शिरलो आणि बरोब्बर मध्यावर अडकलो. पुढे सुरमईची टोपली, मागे एक आडदांड कोळीण. ती म्हणाली, "ओ भाऊ, तुमचा टायर बाजूला घ्या, नायतर बोली लावा!" सगळा धक्का हसला. लिलाव पुकारणाऱ्याने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी आकडाही पुकारला. माझ्या कचेरीतले दोन शिपाई तिथे मासे घ्यायला आले होते. त्यांनी मला नमस्कार केला. तसा नमस्कार मला पुन्हा कुणी केलेला नाही.

दादू तांडेल होडीत उभा होता. काळा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्याने ट्यूबकडे पाहिलं, आम्हा अकरा जणांकडे पाहिलं आणि मग फक्त मालिनीकडे पाहून म्हणाला, "बाई, तुमी हितं पुढं बसा. हितनं चांगलं दिसतं."

ती पुढच्या टोकाला जाऊन बसली. होडी निघाली. बंदराचं तोंड मागे पडलं आणि पाणी हिरव्याचं निळं झालं. मालिनीने पदर कमरेला खोचला होता आणि ती वाऱ्यात तोंड करून समोर बघत होती. शाळेतली बाई मला तिच्यात कुठे दिसेना. त्या वेळी मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मला कॅमेऱ्याचं स्मरण झालं.

कॅमेऱ्याबद्दल लवूने मला आठ दिवस शिकवणी दिली होती. फोटो तो काढणार आणि मी देखरेख करणार असं ठरलं होतं, पण बंदराबाहेर पडताच त्याला बोट लागली आणि तो ट्यूबमध्ये डोकं घालून बसला. दापोलीच्या भाच्याच्या सासूबाईंनी दुसरी ट्यूब त्याच कामासाठी घेतली. लवूचे दोन नियम होते. पहिला, फोटोत पुढे माणूस पाहिजे. नुसता डॉल्फिन काढला तर लोक म्हणतात, मासिकातून कापलाय. दुसरा, आधी अंतर ठरवायचं. कॅमेऱ्यावर फूट लिहिलेले होते, पाच, आठ, पंधरा, आणि शेवटी एक आडवा आठ. आडवा आठ म्हणजे लांबचं सगळं.

फोटो मोठा करून वर्गात लावायचा, असं मी मालिनीला वचन दिलं होतं. तक्त्याची जागा फोटो घेणार. म्हणून मी तिला होडीच्या कडेला, समुद्राकडे पाठ करून उभी केली.

"अहो, मी आधी एकदा बघते. मग काढा," ती म्हणाली.

"ते काय थांबणारेत का आपल्यासाठी? तयारीत राहायला हवं. तू फोटोत आयुष्यभर बघशील."

ती उभी राहिली. एका हाताने काठ धरून, माझ्याकडे तोंड करून. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दोनदा तिने मान वळवली आणि दोनदा मी तिला सरळ केली.

नऊ वाजून बावीस मिनिटांनी ते आले. श्रीपतरावांनी हे मला आपल्या हयातीत इतक्या वेळा ऐकवलं की ती वेळ मी विसरूच शकत नाही.

"ते बगा!" दादू ओरडला. इंजिनाचा आवाज त्याने एकदम कमी केला. आणि होडीतली सगळी माणसं उठून मालिनीच्या मागे बघायला लागली. "दोन आहेत!" "तीन, तीन!" "अगो बाई, केवढा उडाला!" हेमावहिनींनी टाळ्या वाजवल्या. लवूनेसुद्धा ट्यूबमधून डोकं वर काढलं. आणि मी डोळा कॅमेऱ्याला लावून विचार करत होतो की मालिनी आठ फुटांवर आहे, डॉल्फिन आडव्या आठावर आहेत, तर अंतराचा काटा ठेवायचा कुठे?

पाण्याचा मोठा आवाज झाला. कुणीतरी ओरडलं, "पिल्लू आहे! आईच्या बरोबर पिल्लू!"

पिल्लू हा शब्द ऐकताच मालिनीने मान वळवली. साहजिक होतं. बारा वर्षं ती 'पिलांना दूध पाजतो' असं शिकवत आलेली. मी ओरडलो. साध्या आवाजात नाही, कचेरीत शिपायावर ओरडतो त्या आवाजात. "मालिनी! इकडे बघ! सगळं घालवशील!"

दहा माणसांसमोर. ती परत वळली. माझ्याकडे बघून, मी सकाळपासून सांगितलं होतं तशी, हसली. मी काटा पंधरावर ठेवला आणि बटण दाबलं.

"आता बघ," मी म्हणालो.

ती वळली. पाणी सपाट होतं. थोडा फेस होता, तोही विरत होता.

दादूने विचारलं, "बाई, तुमाला गावलं काय बघायला?"

"नाही," मालिनी म्हणाली.

"पोरवाली होती. लांब जायाची नाय. त्या खडकाच्या पल्याड वळवू काय होडी? अर्धा तास लागंल."

मी घड्याळ पाहिलं. "दहाला उतरायचंय बेटावर," मी म्हणालो. "दहा ते बाराची परवानगी आहे."

दादूने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं की मी थट्टा करतोय. मग त्याने होडी बेटाकडे वळवली.

बेटावरची सुट्टी सगळ्यांची उत्तम झाली, असं अजून सगळे सांगतात. श्रीपतराव शेवाळावरून घसरून कातळातल्या एका डबक्यात बसले आणि त्यांना काढायला चौघे लागले. हेमावहिनींचा घावण्यांचा डबा एका लाटेने उचलून नेला आणि तो बराच वेळ डोळ्यांसमोर तरंगत राहिला. त्याला आणायला ट्यूब टाकावी, तर दोन्ही ट्यूब ज्या अवस्थेत होत्या त्या अवस्थेत त्यांना कुणी हात लावायला तयार नव्हतं. दापोलीचा भाचा प्रत्येक जीव हातात घेऊन त्यावर व्याख्यान देत होता. एका काळ्या काट्यांच्या गोळ्याने त्याचं व्याख्यान मध्येच बंद केलं. मी परवानगीचा कागद खिशात सांभाळत होतो. तो पाहायला कुणीही आलं नाही.

मालिनी जरा लांब, एका डबक्याशी उकिडवी बसली होती. मी तिच्याजवळ गेलो. तळाशी एक तारामासा होता, आणि पाठीवर शंख घेऊन चालणारे बारके खेकडे. ती त्यांच्याकडे बघत होती. मान वर न करता तिने विचारलं, "शेपटी कशी होती?"

मला काहीच दिसलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या त्या इवल्याशा खिडकीत मला फक्त तिचा चेहरा दिसला होता, आणि खाली फुटांचे आकडे. डॉल्फिन दिसलेल्या दहा जणांत मी स्वतःला धरतो, पण खरं तर धरू नये. एवढंच तिला सांगायचं होतं. दिसली नाही गं. तीन शब्द. पण मागे सगळे हसत-खेळत होते, सकाळचा तो लिलाव माझ्या कानात अजून वाजत होता, आणि जिला मी समुद्राकडे पाठ करून उभी केली तिला 'मीही पाहिलं नाही' हे सांगायला माझी जीभ उचलेना. शिवाय मला वाटलं, निदान तिचं चित्र तरी बरोबर ठरू दे. तेवढाच आनंद.

"उभी," मी म्हणालो. "तू काढतेस तश्शी."

तिने मान वर केली. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय!"

"दादूला विचारू का एकदा?" दादू होडीपाशी गळ टाकून बसला होता.

"दादूला काय विचारायचंय?" मी म्हणालो. "मी डोळ्यांनी पाहिली ना!"

ती नाही गेली दादूकडे.

फोटो धुवून आला. दुःखाची गोष्ट अशी की तो चांगला आला. मालिनी अगदी स्वच्छ आली होती. वाऱ्याने उडालेले केस, उन्हाने बारीक झालेले डोळे, आणि ते हसू. मागे समुद्र, रिकामा. एका कोपऱ्यात काहीतरी काळं होतं. लवूने भिंग लावून पाहिलं आणि तो श्रीपतरावांचा अंगठा असल्याचं सांगितलं. वर्गात लावायचा प्रश्न नव्हता. मालिनीने तो पाहिला, पाकिटात घातला आणि पाकीट कपाटात ठेवलं.

पुढच्या सोमवारी तिने वर्गात डॉल्फिन पुन्हा काढला आणि शेपटी उभी काढली. मुलांना म्हणाली, आमच्या घरच्यांनी प्रत्यक्ष पाहिला आहे. जनी काही बोलली नाही. मालिनीने हे मला घरी येऊन सांगितलं आणि मी 'हो का' म्हणून पेपर वर धरला.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. एका संध्याकाळी मालिनी उत्तरपत्रिका तपासत पडवीत बसली होती. आदल्या दिवशीच तपासलेली एक तिने गठ्ठ्यातून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. जनीची होती. डॉल्फिनचं चित्र सुरेख होतं. पाठीचा बाक, पुढचं टोकदार तोंड, सगळं. ज्याने तो जीव रोज पाहिला आहे त्यालाच काढता येईल असं. आणि त्या सुरेख डॉल्फिनला मागे बांगड्याची उभी शेपटी लावली होती. तिथे कागद खोडरबराने घासून पातळ झाला होता. आधी दुसरं काहीतरी काढलेलं, ते पुसलेलं.

"मी आज तिला विचारलं," मालिनी म्हणाली. "म्हटलं, तू तर आडवी म्हणत होतीस ना? तर म्हणाली, बाई, तुमच्या मालकांनी बघितलीय ना. आणि बाबा बोलले, बाईंनी सांगितलंय तशीच काढ, नायतर मार्क जातील."

मी त्या पातळ झालेल्या कागदावरून बोट फिरवलं.

"दादू तांडेल जन्मभर समुद्रावर आहे," ती म्हणाली. "त्याला ठाऊक नाही होय?" मग थांबून तिने विचारलं, "तुम्ही पाहिली होती का?"

या वेळी मला खोटं बोलता आलं नाही. आलं असतं तर तेही बोललो असतो की काय, कोण जाणे. "नाही," मी म्हणालो. "मी काटा फिरवत होतो."

मला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर मी बाजू मांडली असती, पंचवीस वर्षं कचेरीत मी दुसरं केलं काय! ती म्हणाली, "दिसली नाही म्हणाला असतात तर काय झालं असतं हो?"

मी ती उत्तरपत्रिका उचलून तिच्या गठ्ठ्यावर ठेवली.

निकालाच्या आधी तिने वर्ग बोलावला आणि फळ्यावर डॉल्फिन काढला, आडव्या शेपटीचा. जनीला उभी करून तिने सगळ्यांसमोर सांगितलं की जनीचं बरोबर होतं आणि बाईंचं चुकलं. 'बाईंचं' म्हणाली. 'घरच्यांचं' म्हणाली नाही. पुसलेल्या आडव्या शेपटीसाठी जनीचे मार्क वाढवले. पण दिलेले मार्क बदलायचे म्हणजे कारण लेखी द्यावं लागतं. मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला. मी आयुष्यात दुसऱ्यांचे शेकडो खुलासे लिहून दिले होते, कुणाचंही कधी वाकडं झालं नाही. मी म्हटलं, "आण, मी मसुदा करून देतो. असा करतो की कुणावरच काही यायचं नाही."

"नको," ती म्हणाली. "मी लिहिते."

तिने एकच ओळ लिहिली. 'मी न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी शिकवली.' खाली सही.

पुढच्या जानेवारीत तिने वर्गाची सहल काढली. मला आदल्या दिवशी कळलं, तेही ती डबा भरायचं सामान काढत होती म्हणून. दादूची होडी, चौथीची मुलं दोन खेपांत, बरोबर आणखी एक बाई आणि दादूची बायको. बेट नाही, कागद नाही, कॅमेरा नाही.

"मी येऊ का मदतीला?" मी विचारलं. "रजा शिल्लक आहे माझी."

"नको," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. दुधात साखर किती घालू म्हटल्यावर 'नको' म्हणतात तसं. "जागा नाहीये."

त्या दिवशी मी कचेरीतून लवकर आलो. ती चार वाजता आली. साडी गुडघ्यापर्यंत ओली, चेहरा उन्हाने लाल, केसांत मिठाचे कण. चपला काढून तिने पाय धुतले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"दिसले?" मी विचारलं.

"दिसले."

"किती?"

"बरेच होते." तांब्या घेऊन ती आत गेली.

मी पडवीत बसून राहिलो. वाटलं, चहा घेताना सांगेल. चहा झाला, तिने कपबशा विसळल्या. मग साडी वाळत घालायला ती मागच्या परड्यात गेली. दगडी गडग्यापलीकडून हेमावहिनींनी हाक मारली असावी, कारण ती ओली साडी खांद्यावर तशीच टाकून गडग्यापाशी गेली.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो. तिची पाठ माझ्याकडे होती. शब्द ऐकू येत नव्हते, वारा पलीकडे होता. ती बोलत होती, भराभर, मध्येच थांबून हसत, आणि हेमावहिनी तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. मग तिने उजवा हात पुढे केला, तळवा जमिनीला समांतर, सपाट, आणि तो हळूहळू वर-खाली केला. एकदा, दोनदा, तीनदा. आणि डाव्या हाताची दोन बोटं जुळवून तिने त्याच्या शेजारी तेच केलं, लहान.

ती आत आली तेव्हा मी खिडकीपासून बाजूला झालो होतो.

"काय सांगत होतीस वहिनींना?" मी विचारलं.

"काही नाही," मालिनी म्हणाली. "कुळीथ भिजत घातलेत का, विचारत होत्या."